बाबांच्या तबकड्या

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग आहे. आता फक्त वेदना कमी ठेवण्याचे उपचार चालू आहेत. घरात त्यांच्या ग्रामोफोनच्या, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) सहाएकशे तबकड्या आहेत : दिवाणाखाली, माळ्यावर, देवघराशेजारीसुद्धा. आई म्हणते, "यांच्या छंदानं माझं निम्मं घर खाल्लं, काढून टाका एकदाच्या." काय करावं?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आईंची तक्रार रास्त आहे. शंभर तबकड्यांचं वजनच वीस किलोच्या आसपास भरतं, आणि तो पसारा झाडत इतकी वर्षं त्याच वावरल्या. तरीही एवढ्यात विकू नका. कुठली तबकडी कुठून आली, कुठलं गाणं पुन्हा निघालंच नाही, हे बाबांनाच ठाऊक. यादीशिवाय बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नेलीत, तर मोल गठ्ठ्याचं होईल.

औषध लागू पडून त्यांना बरं वाटतं, तेव्हाची पंधरा-वीस मिनिटं धरा. एका वेळी दहाच तबकड्या. लेबलाचा फोटो, लेबलालगत तबकडीवर उमटलेला क्रमांक, आणि ते बोलतील ते फोनवर मुद्रित. दमले की थांबा. तडकलेल्या आणि दोन-दोन असलेल्या त्यांना विचारून वेगळ्या काढा, पण पहिली जागा देवघराची मोकळी करा. बाकीच्या खालच्या फळीवर उभ्या लावा. आडव्या थप्पीत खालच्या तडकतात. माळ्यावर पावसाळ्यात बुरशी धरते.

पुसायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही नको. तबकडीत चपडा लाख असते, सुतार पॉलिशला स्पिरिटमध्ये विरघळवतो तीच. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेनं गोल हात, मग नुसत्या पाण्याचा हात. लेबल कोरडं ठेवा.

चावीच्या ग्रामोफोनवर दर बाजूला नवी पिन लावा. लाखेत दगडाची पूड असते. ती पिन झिजवते आणि झिजलेली पिन खाच खरवडते. (पिन वाचवणारे तबकडी घालवतात.) कॉम्प्युटरवर उतरवताना एलपीची (नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीची) सुई चालत नाही, ७८ची जाड सुई लागते. चित्रपटगीतांच्या तबकड्यांसाठी पुढे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारून पाहा.

आणि त्यांना रोज ऐकवा. ग्रामोफोनला आवाजाचं बटण नसतं, म्हणून कर्ण्यात मऊ पंचा कोंबा. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. धाप लागणाऱ्या माणसाला तेवढी झेपते.