एमआरआय नॉर्मल आलाय, मग भुवईला शॉक कशाला?

प्रश्न : आईला (वय ६४, बीपी आणि शुगर दोन्ही आहे) काल पहाटे जोरात चक्कर आली, उलट्या झाल्या, आवाज घोगरा झाला. अ‍ॅडमिट केलंय. तोंड पुसताना डाव्या गालाला गरम पाणी कळत नाही आणि उजव्या हाताला कळत नाही म्हणते. एमआरआय नॉर्मल आला, तरी डॉक्टर ब्रेनस्टेमचा (मेंदूच्या खालच्या देठाचा) स्ट्रोक म्हणतात आणि ब्लिंक रिफ्लेक्स टेस्ट करायचीय म्हणे. करू द्यायची का? – एक मुलगी, सांगली

उत्तर : करू द्या ताई. शॉक शब्दाला घाबरू नका, भुवईवर टिचकी मारल्यासारखं लागतं, बस. डोळ्यांखाली पट्ट्या चिकटवतात, भुवईच्या नसेला बारीक झटका देतात आणि पापण्या किती वेळात मिटतात ते मशीन मोजतं.

तुमची गरम पाण्याची गोष्ट वाचली आणि मी तिथंच थांबलो, कारण गाल एका बाजूचा न् हात दुसऱ्या बाजूचा असं उलटसुलट झालं की दोष बहुतेक मेड्युलाच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, कडेला असतो, आणि तिथला छोटा स्ट्रोक पहिल्या दिवशीच्या एमआरआयमध्ये कधीकधी दिसतच नाही. म्हणून डॉक्टर दोन-तीन दिवसांनी परत एमआरआय सांगतील, तोही करा.

टेस्टमध्ये मशीनवर पापणीच्या स्नायूच्या दोन लाटा येतात. पहिली, आर-वन, साधारण १० ते १२ मिलिसेकंदात फक्त त्याच बाजूला येते, ती पॉन्समधून, म्हणजे मेड्युलाच्या वरच्या भागातून जाते. दुसरी, आर-टू, ३० ते ४० च्या आसपास दोन्ही डोळ्यांत येते, तिचा रस्ता खाली मेड्युलातून. आता आईच्या डाव्या भुवईला झटका दिल्यावर आर-वन वेळेत आली पण आर-टू दोन्हीकडे उशिरा आली किंवा आलीच नाही, आणि उजवीकडून दिल्यावर सगळं व्यवस्थित, तर डाव्या मेड्युलात जाणारी वाट अडलीय असं धरतात. बिघाड कुठंय ते यातून कळतं, रक्त अडल्यामुळे झाला की आणखी कशाने ते नाही कळत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी स्ट्रोक नाहीच असं समजू नका आणि टेस्टसाठी औषधं थांबवू देऊ नका.

आणि हे आजच बघा, आवाज घोगरा झालाय म्हणजे गिळण्याच्या नसाही सापडल्या असतील, तेव्हा गिळण्याची तपासणी होईपर्यंत प्रेमापोटी चहाचा घोटसुद्धा पाजू नका, ठसका लागून तो फुप्फुसात जातो.