सेव्हरन्सच्या कागदावर दादांनी शुक्रवारी सही करू नये

तुम्ही लिहिलंत की बहिणीच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून न्यू जर्सीत आलेल्या ५७ वर्षांच्या दादांना हिशेबाच्या कामावरून काढताहेत. मॅनेजर "तरुण माणसं हवीत" असंही म्हणाला आणि "तुमचे उच्चार कळत नाहीत" असंही. सेव्हरन्सच्या, म्हणजे पैसे घेऊन कंपनीवरचे दावे सोडून देण्याच्या, कागदावर सही शुक्रवारपर्यंत हवी आहे.

घाई करू नका. चाळिशीपुढच्या माणसाने वयाच्या भेदभावाचा दावा सोडायचा, तर अमेरिकेच्या १९९० च्या संघराज्य (फेडरल) कायद्याने त्याला विचाराला २१ दिवस मिळतात, एकदम अनेकांना काढलं असेल तर ४५. सहीनंतरही ७ दिवसांत माघार घेता येते. पण हे संरक्षण फक्त वयाच्या दाव्याला आहे. मूळ देशावरून, म्हणजे इथे उच्चारांवरून, झालेल्या भेदभावाचा दावा घाईच्या सहीनेही कायमचा जाऊ शकतो, म्हणून आधी कामगार कायद्याच्या वकिलाला कागद दाखवा.

ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या संघराज्य आयोगाकडे) तक्रार देताना वय आणि मूळ देश, दोन्ही चौकटींवर खूण करा. बहुतेक जण वयावरच थांबतात आणि तिथेच फसतात. वय नसतं तर नोकरी गेलीच नसती, इतकं सिद्ध करावं लागतं, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं. मग कंपनी म्हणते, कारण वय नव्हतं, उच्चार होते. उच्चारांचं कारण मात्र कामात खरोखर मोठा अडथळा येत असेल तरच चालतं, आणि दिवसभर बिलं जुळवणाऱ्या माणसाबाबत ते दाखवणं कठीण आहे.

वयाचा संघराज्य कायदा २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लागू होतो, मूळ देशाचा १५ पासून. कंपनी त्याहून लहान असेल तर न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा आहे, त्याला अशी अट नाही. राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांत जायचं, ईईओसीकडे ३०० दिवसांत. ईईओसीचे दिवस काढल्याचं कळवलं त्या तारखेपासून धरतात, शेवटच्या कामाच्या दिवसापासून नव्हे. एचआरकडे दाद मागत बसलात तरी ते थांबत नाहीत. तक्रारीला फी नाही.

मॅनेजरचे शब्द आजच, इंग्रजीत जसेच्या तसे, तारीख, वेळ आणि हजर माणसांसह लिहून काढा. कंपनीच्या फाइली स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका, त्यावरूनच कंपनी दादांना दोषी धरेल.

पुढच्या नोकरीत आय-नाइनसाठी (कामाची परवानगी तपासण्याच्या फॉर्मसाठी) "ग्रीन कार्डच दाखवा" असा हट्ट कुणी धरला, तर तोही बेकायदा आहे. ड्रायव्हिंग लायसन्स आणि निर्बंधाचा शेरा नसलेलं सोशल सिक्युरिटी कार्ड पुरतं.