सुण्ण-बण्णाचे पंधरा हजार

प्रश्न : काका, आम्ही बेळगावात अनगोळला 3 वर्षं 4 महिने भाड्याने होतो. भाडं 7,500, ॲडव्हान्स (डिपॉझिट) 50,000. मिस्टर उद्यमबागेत कामाला आहेत. 5 एप्रिलला मालकांना व्हॉट्सॲपवर कळवलं आणि 30 तारखेला घर धुऊन-पुसून किल्ली दिली. हातात आले 24,500. रंगाला 15,000, नोटीस कमी पडली म्हणून एका महिन्याचं भाडं, बेसिनचे 1,800 आणि साफसफाईचे 1,200 कापले. बेसिन आमच्या मुलाच्या हातून फुटलं, ते कबूल आहे. पण पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, त्याला आम्ही काय करणार? 3 मेला तिथं नवे भाडेकरू राहायलासुद्धा आले. भाडेकराराचा बॉण्ड कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही. कोल्हापूरचा भाऊ म्हणतो, महाराष्ट्राच्या कायद्यात असं कापता येत नाही.
– एक वाचक, अनगोळ

उत्तर : ताई, भावाला आधी कोल्हापुरातच राहू द्या. तिकडचा भाडे कायदा 1999 चा, आपल्या कर्नाटकचाही 1999 चा, म्हणून गोंधळ होतो. पण घर अनगोळात, तेव्हा तिकडचा कायदा इथं चालत नाही. आणि आपला इकडचा भाडे कायदाही तुमच्या कामाचा नाही. मोठ्या शहरांतसुद्धा महिना 3,500 च्या वर भाडं असलेली घरं त्याच्या बाहेर आहेत. उरला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि तुमचा तो कन्नड बॉण्ड.

बॉण्डच्या दुसऱ्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. कोर्टाजवळ टाइपरायटर घेऊन मी 32 वर्षं असले बॉण्ड बडवलेत. मालक मराठी, भाडेकरू मराठी, साक्षीदार मराठी, आणि मसुदा कन्नड, कारण तयार नमुना तोच असतो. लोक खाली सही करतात आणि कागद कपाटात साड्यांच्या खाली जातो. तुमच्या पानावर सातव्या कलमात लिहिलंय, ‘मने बिडुवाग सुण्ण-बण्णक्के ओंदु तिंगळ बाडिगे’. म्हणजे घर सोडताना चुना-रंगासाठी एका महिन्याचं भाडं. 7,500! ज्या कागदाला तुम्ही घाबरत होता तोच तुमच्या बाजूने बोलतोय. मालकांना 15,000 कुठून सुचले ते त्यांनाच विचारा, आणि रंगाऱ्याचं बिलही मागा. 30 ला किल्ली, 3 ला नवं कुटुंब. मधल्या दोन दिवसांत सगळं घर रंगवून वाळलं असेल, तर त्या रंगाऱ्याचा नंबर मलाही हवाय.

ओलीचं म्हणाल तर ती वापराची झीजसुद्धा नाही, पावसाची आहे. 1882 च्या कायद्यात कलम 108 मध्ये भाडेकरूने घर मिळालं तसं परत करायचं असं आहे, पण साधारण वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. खिळ्याचं भोक, दाराजवळ हात लागून काळवंडलेली भिंत, झिजलेला वॉशर, हे सगळं झिजेत येतं. फुटलेलं बेसिन येत नाही. त्याचे 1,800 द्या.

नोटिशीत तुमची थोडी चूक आहे. बॉण्डमध्ये एक महिना लिहिलाय. 5 एप्रिलपासून महिना 5 मेला भरतो, तुम्ही पाच दिवस आधी निघालात. दिवसाला 250 प्रमाणे 1,250 होतात. खरं तर 3 तारखेपासून मालकांना दुसऱ्याचं भाडं सुरू झालंय, त्यामुळे तेवढंही नुकसान नाही. पण पाच दिवसांवरून हुज्जत घालू नका, सोडून द्या. अख्ख्या महिन्याचं भाडं मात्र त्यांना मिळणार नाही. करारात दंड लिहिला तरी वाजवी भरपाईच मिळते, असं 1872 चा करार कायदा सांगतो. साफसफाईचा बॉण्डात शब्द नाही.

रंगाचे 7,500, बेसिनचे 1,800, पाच दिवसांचे 1,250, मिळून 10,550. कापले 25,500. तुमचे 14,950 निघतात.

हे लिहिताना माझीच एक गोष्ट आठवतेय. शहापुरात माझ्या दोन खोल्या आहेत. एका विणकर भाडेकरूचे मी रंगापोटी 6,000 कापून घेतले, आणि रंग काही दिला नाही. गणपतीत तो दर्शनाला आला. दाराच्या चौकटीवर त्याच्या मुलीची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या रेघा होत्या, चार वर्षांच्या चार. त्याने वरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘काका, हिरवा रंग तोच हाय की ओ.’ प्रसाद घेतला आणि गेला. दिवाळीला मी 6,000 नेऊन दिले. तेव्हा मालक कसा विचार करतो, ते मला कुणी शिकवायला नको.

आता करायचं काय? हाच हिशोब अर्ध्या पानावर मराठीत लिहा, बॉण्डच्या सातव्या कलमाचा उल्लेख करा आणि स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. पंधरा दिवसांची मुदत द्या. नाही आले तर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अर्ज तुमच्या नावाने करा, मिस्टरांच्या नको. लोकअदालतीला फी नाही. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका.

प्रश्न : भाडेकरू दोन महिन्यांचं लाइट बिल न भरता गेला. ॲडव्हान्समधून कापू का? – घरमालक, खानापूर

उत्तर : कापा. फक्त किल्ली घेतली त्या दिवसाच्या मीटर रीडिंगचा फोटो आणि बिलाची प्रत त्याला पाठवा. त्यानंतरचं युनिट त्याच्या माथी मारू नका.