वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांना असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांना मदत मिळते अशा निवासी केंद्रात ठेवायचं आहे. आयुष्मान कार्डातून खर्च निघेल का? नाहीतर पैसे कुठून उभे करायचे?

कार्डातून नाही निघत. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ते दवाखान्यात अ‍ॅडमिट झाल्यावरचे. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेचंही तेच. तुमच्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे म्हणता. त्यांना अंघोळ घालायला, भरवायला, रात्री उठून दार उघडून बाहेर जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवायला माणूस हवाय. त्या माणसाचा पगार यातलं कुठलंच कार्ड देत नाही. खासगी मेडिक्लेमचीही आशा धरू नका. पॉलिसीत जे वगळलेलं असतं त्यात ‘रेस्ट क्युअर’ नावाचं कलम असतं. अंघोळ, कपडे, हिंडवणं-फिरवणं असली शुश्रूषा, घरी असो की नर्सिंग होममध्ये, त्या कलमाने सरळ बाद होते.

आमच्या आईच्या वेळी हे सगळं अनुभवलंय. तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन कार्डावर झालं, डिस्चार्जनंतरची पंधरा दिवसांची औषधंही त्यातच मिळाली. सरकारचं काम तिथे संपलं. आई आधीपासून विसरायची, ऑपरेशननंतर ते फारच वाढलं. घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशी टिकेनात. शेवटी पुण्यातच एका केंद्रात तिला ठेवलं. महिना ४२ हजार, शिवाय डायपर आणि औषधं वेगळी.

माझा मोठा भाऊ नाशिकला असतो. त्याचं म्हणणं, आईला ‘आश्रमात टाकलं’ हेच चूक, आणि बाबांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला फ्लॅट विकायचा नाही, भाड्यानेही द्यायचा नाही. मग ४२ हजार आणायचे कुठून? त्याने रिव्हर्स मॉर्गेज सुचवलं. मी बँकेत जाऊन अटी वाचल्या. साठीपुढच्या माणसाला स्वतःच्या राहत्या घरावर बँक दरमहा पैसे देते आणि तो हयात आहे तोवर परत मागत नाही, हे खरं. पण माणूस ते घर कायमचं सोडून कुठल्या संस्थेत राहायला गेला की कर्ज फेडायची वेळ येते, आणि सलग वर्षभर घरात कुणी कर्जदार राहिला नाही तर त्याने घर कायमचं सोडलं असंच सहसा धरतात. म्हणजे घरीच राहून मदतनीस ठेवणाऱ्याला ही सोय उपयोगी, तुम्हाला आणि आम्हाला नाही.

मग दादाचा दुसरा प्रस्ताव आला: फ्लॅट माझ्या नावावर बक्षीसपत्र करून द्या, मी आईचं बघतो. त्याला मी साफ नाही म्हटलं आणि आजही त्यावर ठाम आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर, परत मिळवता येते. पण ती अट कागदावर नसली की वर्षानुवर्षं वाद चालतो. आणि आईने ऐंशीच्या घरात प्रांतांच्या कचेरीत पोटच्या मुलाविरुद्ध उभं राहायचं?

आई तेव्हा सही करत होती, तिला समजत होतं. डॉक्टरांचं तसं प्रमाणपत्र घेऊन फ्लॅटचा भाडेकरार रजिस्टर केला. भाडं २४ हजार, बाबांच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तीवेतन १९ हजार. केंद्राचं बिल भागलं. वरचं मी घालते. दादा बरेच महिने माझ्याशी बोलला नाही.

तुमचे वडील अजून सही करू शकत असतील तर हे आधी उरका. पेन्शनच्या खात्यात सहसा फक्त जोडीदाराचंच नाव चालतं, म्हणून त्यांच्या दुसऱ्या बचत खात्यात तुमचं नाव जोडा, दोघांपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. नुसत्या मुखत्यारपत्रावर विसंबू नका, माणसाची समज गेली की ते कायद्यानेच संपतं आणि मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं. घर विकलंत तर त्यांच्या नावाने ३० लाखांपर्यंत पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. दर आधी बघून घ्या, सरकार तो तिमाहीला जाहीर करतं.

ज्यांच्या नावावर घर नाही, पेन्शन नाही, त्यांना यातलं फारसं लागू नाही, हेही खरं. त्यांच्यासाठी श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये आहेत, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. मुलं हात वर करत असतील तर २००७ च्याच कायद्याखाली पोटगी मागता येते, पण ती जास्तीत जास्त महिना १० हजार.

घर वडिलांचं आहे, त्यांच्या म्हातारपणासाठीच आहे. तुमच्या घरात कुणी ‘घराला हात लावू नका’ म्हणत असेल तर त्याला विचारा, दर महिन्याच्या पाच तारखेला तू केंद्राच्या खात्यात किती भरणार? आकडा सांगून पहिले काही महिने भरले, तर जरूर त्याचं ऐका.