पोकरच्या कॅश गेममधून नेमकं कधी उठावं?

तुम्ही विचारलंय की कॅश गेममध्ये (म्हणजे हवं तेव्हा बसता येतं आणि हवं तेव्हा पैसे घेऊन उठता येतं अशा खेळात) बाय-इन, म्हणजे बसताना घेतलेली रक्कम, दुप्पट झाला की उठावं का, आणि हरत असलो तर निदान मुद्दल सुटेपर्यंत बसावं का. माझ्या मते दोन्ही नको. पण ‘जिंकल्या-हरल्या रकमेचा उठण्याशी काहीच संबंध नाही’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, तेही मला पूर्ण पटत नाही.

आधी हिशेब बघू. नो-लिमिट होल्डममध्ये (पुढ्यातले सगळे पैसेही लावता येतात अशा पोकरच्या प्रकारात) एखादा चांगला खेळाडू शंभर डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड कमावतो असं धरा. (दर डावात दोघांना पानं बघण्याआधीच भरावे लागणारे पैसे म्हणजे ब्लाइंड. त्यातला मोठा तो बिग ब्लाइंड, आणि रकमा त्याच्याच मापात मोजतात.) त्याच शंभर डावांतलं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे नशिबाचा चढउतार, साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५-३० डाव होतात, म्हणजे सात-आठ तासांच्या बैठकीत दोनशेच्या आसपास. दोनशे डावांत त्याची अपेक्षित कमाई १० बिग ब्लाइंड, आणि चढउतार मात्र सव्वाशेच्या घरात. या हिशेबाने हा जिंकणारा खेळाडूसुद्धा अशा शंभरातल्या ४६-४७ बैठकांत पैसे घालवूनच उठेल. तेव्हा आज चिप्सचा ढीग वाढला की घटला यावरून तुम्ही कसे खेळताय हे फारसं कळत नाही.

‘दुप्पट झाले की उठायचं’ या नियमाचा तोटा वेगळाच आहे. १९९७ साली न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. दिवसाची ठरलेली कमाई हातात आली की बरेच जण गाडी बंद करून घरी जातात, त्यामुळे धंदा तेजीत असतो त्या दिवशी कमी तास चालवतात आणि मंद दिवशी जास्त, असा त्याचा निष्कर्ष. त्यावर अर्थशास्त्रज्ञांत पुढे बरीच वादावादी झाली, पण पोकरच्या टेबलावर हेच रोज चालू असतं. टेबल मऊ आहे, समोरचे दोघे वाटेल त्या पानांवर कॉल करताहेत (म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे लावताहेत), आणि आपले दुप्पटवाले दीड तासात ‘नफा बांधून’ घरी. तेच गृहस्थ हरत असले की पहाटेपर्यंत हलत नाहीत. तोपर्यंत कच्चे खेळाडू निघून गेलेले, उरलेत ते सगळे घट्ट, म्हणजे निवडक चांगल्या पानांवरच खेळणारे, आणि डोकं थकलेलं. अशा माणसाच्या वहीत जिंकलेल्या बैठका जास्त दिसतात, पण प्रत्येक छोटी आणि गोड. हरलेल्या थोड्याच असतात, पण त्यांतली एकेक मागच्या चार गोड बैठका गिळून टाकते. मग तो म्हणतो, ‘मी बहुतेक वेळा जिंकतो, पैसे जातात कुठे?’

मुद्दल सुटेपर्यंत बसणं तर त्याहून महाग. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात दाखवलं होतं की तोट्यात असलेला माणूस एरवी हातही लावणार नाही असा जुगार स्वीकारतो, कारण तो तोटा त्याने अजून मनाने मान्य केलेला नसतो. कॅश गेममध्ये आज रात्रीच वसूल करायला हवं असं काहीच नाही. पुढच्या आठवड्यात ब्लाइंड तेच असणार, तुमचं कसब तेच असणार.

मग बघायचं काय? मी स्वतःला एवढंच विचारतो : आत्ता दारातून आत आलो असतो आणि या टेबलावर ही एकच जागा रिकामी असती, तर बसलो असतो का? पैसे कोणाकडून येताहेत, तो अजून बसलाय का, तो माझ्या डावीकडे आहे (म्हणजे माझी चाल बघून मग बोलणारा) की उजवीकडे, हे त्यात आलं. टेबल चार-पाच जणांवर आलं की ब्लाइंड भराभर फिरतात आणि डावपेचही बदलतात. त्या खेळाची सवय नसेल तर उठलेलं बरं.

रकमेला अर्थ येतो तो दोन ठिकाणी. पहिलं, चिप्स खूप साचल्या की खेळच बदलतो. तुम्ही १०० बिग ब्लाइंडचा खेळ शिकलाय, आता पुढ्यात ३०० आहेत आणि तुमच्या लगेच डावीकडच्या तगड्या खेळाडूकडेही ३०० आहेत. जवळजवळ प्रत्येक डावात तो तुमच्यानंतर बोलणार आणि एका चुकीची किंमत तिप्पट होणार. थोड्या चिप्स खिशात घालून तिथेच बसता येत नाही, टेबल स्टेक्सचा नियम आड येतो. (ऑनलाइनही बहुतेक ठिकाणी लगेच परतलात तर तेवढेच पैसे घेऊन बसावं लागतं.) अशा वेळी जिंकलोय ‘म्हणून’ उठणं शहाणपणाचं आहे. पण तोच ३०० चा ढीग कच्च्या खेळाडूपुढे असेल, तर त्याला सोडून जाण्यासारखी चूक नाही.

दुसरं म्हणजे टिल्ट, म्हणजे भावनेच्या भरात खेळ बिघडणं. दोन-तीन बाय-इन गेले की उठायचं, ही मर्यादा गणिताने सिद्ध होत नाही हे खरं. पण डोकं फिरलेलं असताना ‘माझं डोकं फिरलंय का’ हा प्रश्न त्याच डोक्याला विचारावा लागतो, आणि ते नेहमी ‘छे’ म्हणतं. म्हणून मर्यादा घरून निघतानाच ठरवावी. अगदी शांत डोक्याच्या माणसाला तिची गरज नसेल, पण असे लोक मला फार भेटलेले नाहीत. बाकी खुणा ओळखीच्याच : एका विशिष्ट माणसाकडूनच पैसे परत हवेत असं वाटणं, ‘बघू तरी काय आहे’ म्हणून रिव्हरवर, म्हणजे शेवटचं पान उघडल्यावर, कॉल, मागच्या डावात कोणी काय दाखवलं ते न आठवणं. जिंकतानाही टिल्ट येतो, आपण अजिंक्य आहोत असं वाटून कुठल्याही पानांवर रेझ, म्हणजे बोली वाढवणं, सुटतात.

झोपेचं वेगळं सांगतो, कारण ते सगळे हसण्यावारी नेतात. १९९७च्याच एका प्रयोगात दिसलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्री तिथे पोहोचतो. त्यामुळे वेळेची मर्यादा मला रकमेपेक्षा जास्त भरवशाची वाटते. मित्रांच्या घरी खेळत असाल तर बसतानाच सांगून टाका, ‘मी अकराला निघणार’. मग जिंकून पळाला असं कोणी म्हणत नाही. अनोळखी टेबलावर तर तुम्ही कोणाचंच काही लागत नाही, हवं तेव्हा उठा.

उठायचं ठरलं की बिग ब्लाइंड पुन्हा तुमच्यापाशी येईपर्यंत थांबा. या फेरीचे ब्लाइंड भरून झालेले असतात, बटन (जवळजवळ नेहमी सगळ्यांच्या शेवटी बोलायला मिळतं ती जागा) आणि त्याच्या आसपासच्या सगळ्यात चांगल्या जागा त्यानंतरच मिळतात, त्या सोडू नका. आणि ‘शेवटचाच डाव आहे’ म्हणून सत्ती-दुर्रीसारखी टाकाऊ पानं घेऊन कॉल करू नका. एरवी टाकली असती तशीच ती पानं टाका, चिप्स उचला आणि थेट कॅशियरकडे जा. वाटेत दुसऱ्या टेबलावर रिकामी जागा दिसेल, तिकडे बघू नका.