वाचकांचे प्रश्न : खांदा निखळतो, मग खुबा का नाही?

प्रश्न : मी गावच्या तालमीत मुलांना कुस्ती शिकवतो. झटापटीत एखाद्या मुलाचा खांदा निखळल्याचे अधूनमधून पाहायला मिळते, पण खुबा निखळलेला मी कधी पाहिला नाही. शाळेच्या पुस्तकात तर दोन्ही सांधे ‘उखळीचे’ म्हणून दिलेले असतात. मग हा फरक कशामुळे? निखळलेला खांदा तालमीतच ओढून बसवला तर चालतो का?
– एक वाचक, विटा (जि. सांगली)

उत्तर : पुस्तकातले वर्गीकरण बरोबरच आहे. दोन्ही ठिकाणी एका हाडाचा गोल माथा दुसऱ्या हाडाच्या खोलगट भागात बसतो, आणि म्हणूनच हात व मांडी पुढे-मागे, बाजूला आणि स्वतःभोवतीही फिरवता येते. फरक आहे तो उखळीच्या खोलीत. खुब्याची उखळ इतकी खोल असते की मांडीच्या हाडाचा निम्म्याहून अधिक माथा तिच्यात आणि तिच्या काठावरील कूर्चेच्या कड्यात सामावतो. शिवाय समोरच्या बाजूने शरीरातील सर्वांत बळकट मानला जाणारा अस्थिबंध त्याला आवळून धरतो. खांद्याची उखळ मात्र उथळ असते आणि दंडाच्या हाडाच्या माथ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा एका वेळी तिला टेकलेला असतो. सगळे शरीर पेलण्याचे काम असल्याने खुब्याला भक्कमपणा मिळाला आहे, तर हात हवा तिकडे पोहोचावा म्हणून खांद्याला मोकळीक मिळाली आहे. ही मोकळीक हाडांच्या आधाराची किंमत मोजून मिळालेली असल्यामुळे माथा उखळीत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः सांध्याभोवतालच्या चार लहान स्नायूंवर पडते.

याचा प्रत्यय तालमीतल्या मुलांना सहज देता येईल. एकाने हात बाजूने हळूहळू वर न्यावा आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीवरील फऱ्याच्या हाडाच्या खालच्या टोकावर बोटे ठेवावीत. सुरुवातीला ते टोक जवळजवळ स्थिर असते, मग ते बाहेरच्या बाजूला सरकू लागते. हात पूर्ण डोक्यावर जातो तेव्हा त्या 180 अंशांतील साधारण 120 अंश खांद्याच्या सांध्यातून आणि सुमारे 60 अंश फऱ्याच्या हाडाच्या सरकण्यातून आलेले असतात. म्हणून केवळ दंड आणि छाती भरण्याकडे लक्ष देऊन फऱ्याभोवतीचे स्नायू दुर्लक्षिणे कुस्तीगिराला महागात पडू शकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

खांदा बहुतेक वेळा पुढच्या बाजूला निखळतो, आणि तोही हात बाजूला उचललेला, तळवा बाहेर वळलेला असताना कोणी तो मागे रेटला म्हणजे. प्रतिस्पर्धी हात धरून मागे पिळतो तेव्हा नेमकी हीच स्थिती येते. खुबा निखळायला मोटारीच्या अपघातासारखा जबर आघात लागतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाविषयी. निखळलेला खांदा तालमीत ओढून बसवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. सोबत हाड मोडलेले आहे की नाही हे क्ष-किरण तपासणीशिवाय कळत नाही. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी एक नसही ओढाताणीत दुखावू शकते, आणि तसे झाल्यास खांद्याच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर होते. हात आहे त्याच स्थितीत उपरण्याच्या झोळीत घेऊन मुलाला लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. कोवळ्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, तेव्हा वेदना थांबली म्हणून मुलाला लगेच मातीत उतरवू नये. स्नायू पूर्ववत बळकट झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत थांबावे.

प्रश्न : कोपर हा बिजागरीचा सांधा आहे. मग कुलपात किल्ली फिरवताना हात गोल कसा फिरतो?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : तो कोपराच्या बिजागरीतून फिरतच नाही. एका हाताने दुसऱ्या हाताच्या कोपराचे टोक धरा आणि तळवा वर-खाली करा. टोक जागचे हलणार नाही. मनगट ते कोपर या भागात दोन हाडे असतात. करंगळीकडचे हाड दंडाच्या हाडाशी बिजागरी करते, तर अंगठ्याकडच्या हाडाचा वरचा गोल माथा अस्थिबंधाच्या एका कड्यात स्वतःभोवती फिरतो. तळवा वर असताना ही दोन्ही हाडे समांतर असतात आणि तळवा खाली केला की अंगठ्याकडचे हाड दुसऱ्यावरून आडवे जाते. अशा सांध्याला खुंटीचा सांधा म्हणतात. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्येही तो असतो. ‘नाही’ म्हणताना डोके मुख्यतः तिथूनच वळते, तर ‘हो’ म्हणतानाची हालचाल कवटी आणि पहिला मणका यांच्यामधली असते.

प्रश्न : द्राक्षबागेची छाटणी आली की माझ्या उजव्या अंगठ्याचे मूळ ठणकते. बाकीची बोटे दुखत नाहीत. असे का होते?
– एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : अंगठ्याच्या मुळाशी मनगटाजवळ जो सांधा आहे तो खोगिरी सांधा होय. त्याचे दोन्ही पृष्ठभाग एका दिशेने खोलगट आणि दुसऱ्या दिशेने फुगीर असून ते एकमेकांवर आडवे बसतात. त्यामुळेच अंगठा बाकीच्या चारही बोटांसमोर आणता येतो आणि कात्री, सुई किंवा लेखणी नीट धरता येते. मात्र चिमटीत धरताना टोकावर जेवढा जोर असतो त्याच्या कितीतरी पट भार या मुळाच्या सांध्यावर येतो, आणि छाटणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कात्री दाबली की तो सांधा दमतो. चाळिशी-पन्नाशीनंतर स्त्रियांमध्ये येथील कूर्चा झिजण्याचे प्रमाणही अधिक असते.

दुखणे अंगठ्याच्या मुळाऐवजी थोडे वर, मनगटाच्या कडेला असेल, तर सांध्याऐवजी तिथल्या स्नायूबंधांच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने डॉक्टरांना एकदा दाखवणे आवश्यक आहे. तोवर कात्रीला धार लावून घ्यावी, मूठ बारीक असल्यास तिला कापड गुंडाळून ती जाड करावी आणि शक्य असेल तिथे छाटणी व काड्या गोळा करणे ही कामे आलटून-पालटून करावीत.