वाचक विचारतात: गावच्या जुन्या धर्मशाळेचे कागद

प्रश्न: आमच्या गावात वेशीबाहेर जुनी धर्मशाळा आहे. निराधार म्हातारी माणसं तिथे कायमची राहायची, त्यांना रोज शिधा मिळायचा असं आजी सांगायची. पणजोबा तिथे पंच होते. आता माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी लिपीतल्या वह्या सापडल्यात, थोडी वाळवी लागलीय, घरचे म्हणतात रद्दीत द्या. ट्रस्ट अजून कागदोपत्री आहे म्हणे. मला इतिहास लिहायचाय, सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: रद्दीत अजिबात देऊ नका, हात जोडून सांगते. धर्मशाळेचा इतिहास म्हटलं की सगळे आधी दारावरचा शिलालेख बघायला धावतात, त्याच्यावर मिळतं काय तर दात्याचं नाव आणि शक, पण आत कोण राहत होतं, काय खात होतं, कोण कधी गेलं हे सगळं त्या वह्यांतच असतं.

त्यातली बहुतेक रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, असणार. वर 'श्री', खाली तिथी-वार, एकीकडे जमा, दुसरीकडे नावे, म्हणजे खर्च. नावेच्या बाजूला जोंधळे, तांदूळ, डाळ, मीठ, दिव्याचं तेल, कधी एखाद्या म्हातारीला लुगडं, आणि मध्येच कफनाचं कापड आणि लाकडं. ही शेवटची नोंद वाचताना थांबाच, कारण जन्ममृत्यूच्या दुसऱ्या कुठल्या कागदात त्या माणसाचं नाव आलंच असेल असं नाही.

शकात ७८ मिळवले की इंग्रजी सन येतो, चैत्राच्या आधीचे जानेवारी ते मार्च असतील तर ७९. म्हणजे १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ शके १७९८ ते १८०० च्या वह्यांत शोधायचा, ती वर्षं सगळ्यात आधी काढा. फक्त एक करा, रुपये बघू नका, माप बघा. दुष्काळात धान्य महागतं त्यामुळे खर्चाचा आकडा फुगतो, माणसं वाढली की नाही हे पायली आणि शेर या धान्याच्या जुन्या मापांवरूनच कळतं (चार शेरांची पायली). तेवढं एक कोष्टक जरी तुम्ही केलंत तरी गावाला माहीत नसलेली गोष्ट हाती येईल.

वाळवीचं म्हणाल तर वह्या कडक उन्हात टाकू नका, सावलीत हवेशीर जागी पसरा, मऊ ब्रशने झटका, सेलोटेप आणि लॅमिनेशन नको म्हणजे नकोच. दिवसाच्या उजेडात फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा, मग धुतलेल्या सुती रुमालात बांधा. मोडी येत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, तिथे मोडी शिकवतात.

बाहेरचे कागद म्हणाल तर आधी जिल्ह्याचं धर्मादाय आयुक्त कार्यालय गाठा. १९५० च्या कायद्याने सार्वजनिक ट्रस्टना नोंदणी करावी लागली, त्याचा उतारा म्हणजे परिशिष्ट एक, त्यात विश्वस्त, मिळकत, उत्पन्नाची साधनं सगळं येतं, नक्कल अर्ज करून मिळते. पण तेवढ्यावर परत येऊ नका, नोंदणीच्या वेळची कलम १९ ची चौकशीची फाईल मागा. जुन्या पंचांचे जबाब असलेच तर त्यातच असतील, कदाचित तुमच्या पणजोबांचाही. नंतरचे बदल अर्जही बघा, विश्वस्तांची नावं कधी बदलायची थांबली ते त्यावरून कळतं, आणि ट्रस्ट नुसता कागदावर उरला तो साधारण तिथूनच.

धर्मशाळेला जमीन होती का हे तलाठ्याकडे गाव नमुना ३ मध्ये, म्हणजे दुमाला (इनाम) जमिनींच्या नोंदवहीत बघा. सातारचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं आणि पुढे इनामांची सरकारी तपासणी झाली, तेव्हा इनाम जुनं असेल तर त्या चौकशीचे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दफ्तरात, शोधायला हवेत. आणि हो, ट्रस्टची जागा विकायची तर त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गावात तशी कुजबुज चालू असेल तर त्या परवानगीची फाईल आधी मागा.

प्रश्न: वृद्धाश्रम, अनाथाश्रम हे आपल्याकडे अलीकडचंच ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही हो. पुण्यात नवी पेठेतला 'निवारा' म्हणजेच डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, ते १८६० च्या दशकातलं, आणि आजही चालू आहे. पंढरपूरचं बालकाश्रम १८७५ चं. लालशंकर उमियाशंकर तिथे न्यायाधीश होते, टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी त्यांनी ते काढलं आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने सांभाळलं. विधवेला मूल झालं तर तिच्यापुढे कुठलीच वाट नसायची असे ते दिवस, त्या काळात एका तीर्थक्षेत्रात हे उभं राहिलं याचं मला फार मोल वाटतं. पुढे गाडगे महाराजांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा बांधल्या, आणि त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे पेशंट आणि नातेवाईक राहतात.